सपाटीवरच्या दोन रेघा

ओटिली उलटी चालते. म्हणजे कामावर असताना. दाताळं पुढ्यात, दोन्ही हातांत दांडा, आणि एकेक पाऊल मागे टाकत जाते. पुढे तोंड करून चाललं तर आपलेच ठसे मागे राहतात, मग ते पुसायला पुन्हा यावं लागतं. आधी गाडीच्या चाकांची खूण, त्यावरून दाताळं. मग तिच्या पायांची खूण, त्यावरूनही दाताळं. ती गेली की तिथे कधी कोणी आलंच नव्हतं असं होऊन जातं. अठरा वर्षं ती हेच करतेय, पार्क, म्हणजे इथलं सरकारी अभयारण्य, तिला याचाच पगार देतं.

माझ्या आईची ती थोरली बहीण. आमच्यात आईच्या थोरल्या बहिणीला थोरली आई म्हणतात, मी नुसतं थोरली म्हणते. आई, हेन्द्रिना, वॉल्व्हिस बेला मासळीच्या कारखान्यात कामाला, शनिवार-रविवारी येते. त्यामुळे मला वाढवलं ते थोरलीनेच, कुइसेबच्या काठावर. नदी म्हणायची, पण असते ती वाळूच. पाणी आलं तर आलं, नाहीतर तीन-तीन वर्षं येत नाही. पलीकडे वाळूचे लाल डोंगर, अलीकडे सपाटी, आणि मधे आनाच्या झाडांच्या सावलीला आमची घरं, शेळ्या, गाढवं आणि पाण्याची एक टाकी.

सपाटीवर काय आहे, असं येणारा प्रत्येक माणूस विचारतो. दुपारी बघितलं तर काहीच नाही. करडे खडे, करडी माती, त्यावर करड्या पापुद्र्यासारखं दगडफूल, वाळून कोळ झालेलं. लाथ मारली तरी कळणार नाही की काही मेलं. पण पहाटे समुद्राकडून धुकं येतं. ते आधी गाढवांच्या कानांवर दिसतं, मग झाडं जातात, मग टाकी जाते, मग आपला स्वतःचा हात लांब केला तर तोही जायला लागतो. आणि त्या धुक्यात दगडफूल उघडतं. आवळून धरलेली मूठ कोणी हळू सोडावी तसं. कुठे हिरवं, कुठे नारिंगी, कुठे काळ्यात निळं. मैलभर. ऊन वर आलं की पुन्हा मूठ मिटते, आणि उशिरा उठणाऱ्यांसाठी पुन्हा काहीच नाही.

मी सहा वर्षांची असताना थोरलीने मला तिथे पोटावर पालथं झोपवलं होतं.

"ऐक," ती म्हणाली.

"काय ऐकू?"

"उघडताना वाजतं."

मला काही ऐकू आलं नाही. पण ती डोळे मिटून अशी पडली होती की, मी म्हणाले, हो, वाजतंय. अजूनही मी तिला तेच सांगते. खरं काय ते तिला माहीत असणार. ठसा बघून माणूस खोटं बोलत चालत गेला की खरं, हे ओळखणारी बाई आहे ती.

पार्कात तिला काम मिळालं तेही असंच. त्यांना माग काढता येणारं माणूस हवं होतं. पर्यटकांच्या गाड्या रस्ता सोडून सपाटीवर घुसायच्या, फोटो काढायला, आणि त्या खुणा बघून दुसरे घुसायचे, की अरे, इथून वाट आहे. ती वाट पडायच्या आत पुसायला माणूस पाहिजे होता. तेव्हाच्या साहेबाने सगळ्या उमेदवारांना एका जागी नेलं, चाकांच्या खुणा दाखवल्या आणि विचारलं, गाडी कुठली? पुरुषांनी गाड्यांची नावं सांगितली. थोरली म्हणाली, "गाडीतलं मला कळत नाही. पण चालवणाऱ्याला लघवीला लागली होती, तो त्या दगडामागे जाऊन आला, आणि डाव्या पायाने लंगडतो." साहेबाचा डावा पाय लंगडा होता. बाकीचे हसले, साहेब हसला नाही, पण काम तिला दिलं.

गावातले तिला चिडवायचे. "ओटिली, देवाचं अंगण झाडतेस, स्वतःचं कधी झाडणार?" ती म्हणायची, "देव कधीतरी येतो तरी. माझ्याकडे कोण येतंय?"

खरंच कोणी येत नव्हतं. नवरा मासेमारीच्या जहाजावर होता. एकदा ल्युडेरिट्झच्या बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. तिथे त्याचं दुसरं घर आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. थोरली त्याच्याबद्दल एवढंच म्हणते, "त्याचे पाय फार हलके होते. ठसाच उमटायचा नाही." शिवी नाही, रडणं नाही. मला कुठे भेटला तर मी त्याच्या पायावर दगड टाकीन, म्हणजे उमटायला लागेल.

तर असं तिचं चाललं होतं. आठवड्यातले पाच दिवस दाताळं, नाराच्या दिवसांत शेवटचे दोन दिवस नारा. नारा म्हणजे आमचं काटेरी फळ, वाळूच्या ढिगाऱ्यांवर येतं, एकेक ढिगारा एकेका घराण्याचा. गर शिजवून वाळवायचा, बिया विकायच्या. मी नववीत शाळा सोडून आले तेव्हा तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जुनं दाताळं माझ्या हातात दिलं. "दोन दात कमी आहेत," म्हणाली. "तुझ्यासारखंच." मला मारामारीत दात पडून आठवडा झाला होता.

मग रायनर आला.

रायनर विन्डहुकहून आला, एका पर्यटन कंपनीचा माणूस, उंच, नाक उन्हाने सोललेलं. काळ्या कड्यावर त्यांना बारा तंबू टाकायचे होते, पाहुण्यांसाठी. काळा कडा सपाटीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथे उभं राहिलं की एकीकडे नदी दिसते, दुसरीकडे वाळूचे डोंगर, आणि संध्याकाळी सगळं तांबडं होतं. आम्ही शेळ्या शोधायला जातो तिथे. लोक त्यासाठी पैसे देतील हे आम्हाला सुचलं नव्हतं.

आनाच्या झाडाखाली बैठक झाली. कोणीतरी मुद्दाम त्याला अर्धंकच्चं नारा खायला दिलं. अर्धंकच्चं नारा ओठ भाजतं. रायनरने सगळं खाल्लं, आभार मानले, आणि सुजलेल्या ओठांनी अर्धा तास बोलला. तेव्हापासून तो लोकांना आवडायला लागला. मलाही. तो म्हणाला, स्वयंपाकाला माणसं लागतील, तंबूंना लागतील, आणि सहा गाड्या असतील, तर सहा ड्रायव्हर. मी गाडीचा परवाना काढून दोन वर्षं घरी बसलेली. मी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

प्रश्न होता रस्त्याचा. पार्कचे मोठे साहेब, सिमाता, तेही बैठकीला होते. हळू बोलणारा माणूस, दर वाक्यानंतर टोपी सारखी करणार. त्यांनी नियम सांगितला. सपाटीवर नवीन रस्ता काढायचा नाही म्हणजे नाही. कोरड्या ओढ्यातून फिरून जायचं तर जा, तिथे दगडफूल नाही. पण सपाटीवर आधीपासून एखादी जुनी वाट असेल, तर ती वापरता येते, रुंदही करता येते.

"ओढ्यात वाळू आहे," रायनर म्हणाला. "गाड्या रुततील. आणि जुनी वाट आहे ना."

त्याने विमानातून काढलेला फोटो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. सपाटी करडी, कोरी. आणि तिच्यावर आमच्या गावापासून काळ्या कड्याच्या पायथ्यापर्यंत दोन रेघा. बारीक, शेजारी-शेजारी, कुठे वाकड्या होत, कुठे सरळ होत गेलेल्या.

सगळे खाली वाकले. मी पण. "आहे की!" कोणीतरी म्हणालं. सिमाता साहेबांनी टोपी सारखी केली. "असेल तर असेल. गुरुवारी येऊन प्रत्यक्ष बघू."

मी थोरलीकडे बघितलं. ती फोटोकडे बघत नव्हती. ती नदीकडे बघत होती.

त्या संध्याकाळी ती चहात साखर घालायला विसरली. एरवी पाच चमचे घालते. बिनसाखरेचा चहा तिने अर्धा पेला प्यायला आणि तरी तिला कळलं नाही. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"एक सांग. तू सायकलची खूण ठेवत नाहीस. एकदा त्या जर्मन म्हाताऱ्याने काठी टेकली होती, ती भोकंसुद्धा बुजवलीस. मग चार किलोमीटरची गाडीवाट कशी राहिली?"

"राहिली."

"दिसली नाही तुला?"

"दिसते. रोज दिसते."

"मग?"

ती उठली, चुलीतली राख उगाच सारखी करायला लागली.

"गाडीची नाही ती," शेवटी म्हणाली. "गाढवगाडीची आहे."

"कोणाच्या?"

"आपल्या."

मी धुक्यात गाढवगाडीवर जन्मले हे मला माहीत होतं. गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मुलं मला गाढवी म्हणायची, मी त्यांना ठोकायची. पण कुठे जन्मले, तर सगळे म्हणायचे, रस्त्यात. रस्ता म्हणजे नदीचं पात्र, असंच मी धरून चालले होते. आमच्या गाड्या कायम पात्रातूनच जातात.

त्या वर्षी नदी आली होती. थोरली सांगत होती, माझ्याकडे न बघता. डोंगरात कुठेतरी पाऊस पडला, आणि तीन वर्षांनी पाणी आलं, तपकिरी, फेसाळ, झाडं घेऊन. सगळं गाव काठावर नाचायला गेलं. आणि तेव्हाच माझ्या आईच्या पोटात दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधी तीन आठवडे. पात्रातून जायची सोय नव्हती. थोरलीने चार गाढवं जुंपली, आईला गादीवर घातलं, आणि पहाटे सपाटीवर गाडी घातली. आमच्यातलं कोणीच सपाटीवर गाडी घालत नाही. आजोबांनी आम्हाला तेच शिकवलं होतं, पार्क यायच्या आधीपासून. नदी चालायला, सपाटी बघायला.

"आणि धुकं पडलं," ती म्हणाली. "मला गाढवांचे कान दिसत होते, बाकी काही नाही. मी डांबरी रस्त्याकडे निघाले होते, गेले काळ्या कड्याकडे. हेन्द्रिना मागून ओरडत होती, ओटे, आपण कुठे चाललोय? मी म्हणत होते, दवाखान्यात. चाकाखाली फुटताना ऐकू येत होतं. पापड मोडतो तसं. मी म्हटलं, आता ऐकायचं नाही."

"मग?"

"मग तू झालीस. मधेच. गाडी थांबवली तिथे. तू रडलीस, तेव्हा गाढवं दचकली. मग पुन्हा हाकली, ऊन आलं आणि काळा कडा समोर. दवाखाना दुसऱ्या बाजूला." ती जरा हसली. "मला पार्कात घेतलं तेव्हा तू चार वर्षांची. पहिल्याच दिवशी ती वाट पुसायला गेले होते. नाही पुसली."

मी म्हणाले, "चल, उद्याच पुसू. दोघी. गुरुवारच्या आत."

"फोटो काढून झालाय."

"फोटोचं काय, वारा आला असेल, पुसली असेल. कोणाला कळतंय?"

"मला."

"तू सांगितलंस तर तुझं काम जाईल, थोरले. आपलीच वाट अठरा वर्षं ठेवलीस म्हणतील. नियम मोडलास म्हणतील."

"मोडलाच आहे."

"आणि नाही सांगितलंस तर?"

तिने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "तर तुला ड्रायव्हरचं काम मिळेल."

मी पेला आपटून बाहेर गेले. माझं काम होतं ते. माझा परवाना, माझी दोन वर्षं. तिने गप्प बसायला हवं होतं, एवढंच तर करायचं होतं. आणि तरी मला हेही कळत होतं की, गावात कोणी तिच्याबद्दल एक शब्द वाकडा काढला, तर मी त्याचे दात पाडीन. दोन्ही एकदम पोटात घेऊन मी झाडाखाली बसले.

गुरुवारी थोरलीने सिमाता साहेबांना निरोप पाठवला की, दहाला नको, सहाला या. रायनर जांभया देत आला. धुकं इतकं दाट होतं की, साहेब बोलले की आधी आवाज यायचा, मग टोपी दिसायची. आम्ही चालत निघालो, चौघं. थोरली पुढे, सरळ चालत होती, आज तिने दाताळं घेतलंच नव्हतं.

सपाटीच्या कडेला ती थांबली. पायांजवळ दगडफूल उघडलेलं होतं. हिरवं, नारिंगी, ओलं, जिवंत. रायनर आजवर तीन वेळा येऊन गेला होता, तिन्ही वेळा दुपारी. तो गुडघ्यावर बसला, एक बोट लावलं, आणि भाजल्यासारखा हात मागे घेतला.

"हे कधी उगवलं?"

"उगवलं नाही," थोरली म्हणाली. "इथेच असतं. तू उशिरा येतोस."

साहेब हसले. धुकं थोडं हललं आणि पुढचं दिसायला लागलं. त्या सगळ्या हिरव्या-नारिंगीमधून दोन पट्टे गेलेले. करडे, मेलेले, हाताएवढे रुंद. धुक्यातून निघून धुक्यात जाणारे. कोणी झोपेत ओढल्यासारखे.

"हीच वाट," रायनर म्हणाला. आवाज बारीक झाला होता त्याचा. "जुनीच आहे ना? वापरातली?"

"वाट नाही ती," थोरली म्हणाली. "माझी गाडी आहे."

आणि तिने सांगितलं. सगळं. नदी, गाढवं, धुकं, आपली चूक. पार्कात लागल्यावर पुसायची होती आणि पुसली नाही, हेही. साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी मागे उभी होते, मुठी वळून, कोणावर ते माहीत नाही.

मग रायनरने विचारलं, "किती वेळा गेली होती ही गाडी?"

"एकदा."

"येता-जाता?"

"जाताना. येताना नदी उतरली होती, पात्रातून आलो."

"एकदाच," तो म्हणाला. "कधी?"

थोरलीने हात मागे करून माझं मनगट धरलं आणि मला पुढे ओढलं. "ही बघ. बावीस वर्षांची आहे."

तो माझ्याकडे बघायला लागला, मग पट्ट्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? चार गाढवं होती, एक गादी, आणि एक बाळंतीण. वजन नसल्यासारखंच म्हण. तुझ्या सहा गाड्या रोज येणार-जाणार. माझ्या नातीची नात इथे उभी राहील तरी त्यांच्या खुणा दिसतील." माझ्या तोंडून हे कसं बाहेर पडलं मला आजही माहीत नाही. माझंच काम मी माझ्याच तोंडाने घालवलं.

सिमाता साहेबांनी टोपी काढली, सारखी केली नाही, हातातच ठेवली. "एक गाडी, एकदा," ते म्हणाले. "मी हे असंच लिहिणार कागदावर. वाट नाही."

रायनर भांडला नाही असं नाही. तो महिनाभर भांडला, कागदावर, फोनवर, दोन वेळा झाडाखाली. बारा तंबूंशिवाय परवडत नाही म्हणाला. शेवटी सहा झाले. रस्ता ओढ्यातून ठरला, आणि ओढ्यात गाड्या रुततात म्हणून गाड्या आमच्या गावात थांबणार, पुढे पाहुणे गाढवगाडीने जाणार. कोरड्या वाळूत गाढवं कशी चालतात ते आम्हाला कोणी शिकवायला नको. दोन-तीन पोरं अजून थोरलीशी बोलत नाहीत, ड्रायव्हर होणार होती ती. त्यांच्यातल्या एकाला मी समजावलं. नंतर त्याच्या आईने येऊन मला समजावलं. ओढा आमच्या नाराच्या ढिगाऱ्यांजवळून जातो, तर पाहुणे उतरून फोटो काढतात, फळाला हात लावतात, काटे टोचून घेतात. थोरली म्हणते, टोचू दे. मी आता लगाम धरते. पाहुण्या बायका विचारतात, ही गाढवं सुरक्षित आहेत का? मी म्हणते, मी यांच्या गाडीत जन्मले आहे. त्या हसतात, त्यांना वाटतं गंमत करतेय.

थोरलीचं काम गेलं नाही. पण साहेबांनी लेखी ताकीद दिली, आणि खाली एक ओळ लिहिली. ती वाट आता पुसून टाकावी, म्हणजे उद्या दुसरं कोणी फोटो घेऊन येणार नाही. ते त्यांना लिहावंच लागलं. देताना त्यांनी थोरलीकडे बघितलं नाही.

ती ओळ मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "रविवारी करू. हेन्द्रिना येईल."

आई आली, मासळीचा वास घेऊन, पिशवीत तळलेल्या पिठाचे गोळे घेऊन. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "बावीस वर्षं तू ती ठेवलीस आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारत होते ना त्या दिवशी. कुठे चाललोय, कुठे चाललोय. तेव्हा म्हणे दवाखान्यात."

"दवाखान्यातच चालले होते."

"काळ्या कड्यात होता का दवाखाना?"

दोघी हसायला लागल्या, बसून, तोंडावर हात ठेवून, शाळेतल्या मुलींसारख्या. मला त्यांच्यात जागा नव्हती, मी दाताळी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आम्ही आत जाताना त्या मेलेल्या पट्ट्यांवरूनच पाय टाकत गेलो, बाहेरचं काही तुडवायचं नाही म्हणून, एका रेघेत थोरली, एका रेघेत मी, आणि आई माझ्या मागे, माझ्या पावलांत पाऊल टाकत. पार कड्यापर्यंत गेलो, आणि तिथून वळून, उलटं चालत पुसत यायला सुरुवात केली. दगडफूल काही परत येणार नाही, थोरलीच्या आयुष्यात नाही, माझ्याही नाही. फक्त कडा मोडायच्या, खडे विखरायचे, रेघ ही रेघ दिसू नये एवढंच. उलटं चालताना आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. कुठून आलो तेवढं दिसतं, आणि तेही आपल्याच हाताने मिटत जातं. धुक्यात तर काळ्या कड्यापासून आम्ही निघालो होतो हेही थोड्या वेळाने खरं वाटेना. तिघीच होतो, खरखर आवाज होता, आणि पायांखाली नुसतं करडं.

साधारण मधोमध थोरली थांबली. पट्टे तिथे तुटक झाले होते, आणि दोघांच्या मधे घुसळलेली जागा होती, एखाद्या खाटेएवढी. गाढवांच्या खुरांनी उकरलेली.

"इथे," ती म्हणाली.

आईने बघितलं. पिशवी खाली ठेवली, आणि त्या जागेवर बसली, पाय पसरून. आम्ही उभ्याच राहिलो. तिने पिशवीतून गोळे काढले, एकेक आम्हाला दिला, बाटलीतली कॉफी झाकणात ओतली. कोणी घाई केली नाही. आईने एकदा तळहात जमिनीवर ठेवला, तापलेली आहे का ते बघतात तसा.

"थंडी होती," ती म्हणाली. "ओटेने स्वतःचा घागरा काढून हिला गुंडाळलं. नुसत्या परकरावर गाडी हाकत होती."

"हे मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"गाडी हाकताना कोण बघतंय," थोरली म्हणाली. "धुकं होतं."

कॉफी संपली. आईने झाकण झटकलं, पिशवी खांद्याला लावली, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. मग बाजूच्या रेघेत जाऊन उभी राहिली. थोरलीने दाताळं पुढे केलं, पण त्या जागेवर टेकवलं नाही. हातातच धरून उभी होती. मी बघितलं, तिच्याने होणार नव्हतं.

"सरक," मी म्हणाले. "माझं आहे ते."

ती सरकली. मी दोन दात कमी असलेलं माझं दाताळं टेकवलं आणि मागे ओढलं. खडे सुटून इकडेतिकडे पसरले. पुन्हा ओढलं. मग एक पाऊल मागे, आणि पुन्हा.